निरोपाचं भाषण

5 एप्रिल 2019 रोजी सुमित्रा महाजनांनी एक पत्र काढलं. छोटंसंच. मथितार्थ असा होता: भारतीय जनता पक्षाने इंदूरचा उमेदवार अजून जाहीर केलेला नाही, निर्णय का अडला आहे ते कळत नाही. कदाचित पक्षाला माझ्याबाबतीत संकोच वाटत असेल. मी वरिष्ठांशी पूर्वीच बोलले होते, निर्णय त्यांच्यावरच सोडला होता. तरीही त्यांच्या मनात काही असेल, तर मीच सांगून टाकते की मला ही निवडणूक लढवायची नाही. आता पक्षाने मोकळेपणाने काय ते ठरवावं.

हे पत्र लिहिलं तेव्हा त्या लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. चिपळूणची मुलगी, लग्न होऊन इंदूरला आलेली, तिथे नगरसेविका झाली, उपमहापौर झाली, 1985 ला विधानसभेला पडली, आणि 1989 मध्ये प्रकाशचंद्र सेठींना हरवून थेट दिल्लीला गेली. सेठी म्हणजे माजी मुख्यमंत्री, माजी केंद्रीय गृहमंत्री. तेव्हापासून एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाच्या तिकिटावर सलग आठ वेळा. 2009 मध्ये जेमतेम अकरा हजारांनी वाचल्या, 2014 मध्ये साडेचार लाखांहून जास्त मतांनी आल्या. आणि अशा बाईला पक्ष काही सांगत नव्हता. ना हो, ना नाही.

माझी मावशी इंदूरला रामबागेत राहते. जन्म पुण्याचा, पण चाळीसएक वर्षं माळव्यात काढल्यामुळे तिच्या मराठीला हिंदीचा छान गोड वास येतो. बातमी आली त्या संध्याकाळी तिचा फोन. राजकारणावर सहसा न बोलणारी मावशी तणतणत होती. "आठ बार निवडून दिलं आम्ही. एक फोन नाही लावता आला यांना? नको म्हणायचं तर नको म्हणा ना सरळ. घरातल्या माणसाला असं ताटकळत ठेवतात का?"

इंदूरमध्ये सुमित्रा महाजनांना कोणी सुमित्राजी म्हणत नाही, ताई म्हणतात. मराठी नसलेलेही ताईच म्हणतात. त्यांच्याच पक्षातले कैलाश विजयवर्गीय हे भाई. ताई आणि भाई यांचं एकमेकांशी किती जमतं, किती नाही, हा त्या शहराचा पोहे-जिलबीइतकाच जुना विषय. पण ते असो.

मावशीचं म्हणणं मला तेव्हा थोडं भाबडं वाटलं होतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीट द्यायचं नाही असं पक्षाने ठरवलं असेल, तर तो पक्षाचा अधिकार आहे. ताई आठवड्याभरात 76 च्या होणार होत्या. तीस वर्षं एकच खासदार असणं शहरालाही फार बरं नसतं. एक पिढी वाट बघूनच म्हातारी होते. त्यांनी जावं की नाही, यावर माझं मावशीशी भांडण नव्हतंच. नंतर मी त्या वर्षीच्या तारखा एकाखाली एक मांडून पाहिल्या, तेव्हा मला दुसरीच गोष्ट दिसली.

सोळाव्या लोकसभेची शेवटची बैठक 13 फेब्रुवारी 2019 रोजी झाली. अध्यक्षांच्या आसनावर ताईच होत्या. शेवटच्या दिवशी असतं तसं वातावरण होतं. कधी नव्हे ते सगळे सगळ्यांचं कौतुक करत होते. मुलायमसिंहांनी तर पंतप्रधानांना पुन्हा निवडून येण्याच्या शुभेच्छा देऊन आपल्याच बाकांवरच्या लोकांना गोंधळात टाकलं. निवडणुकीच्या तारखा जाहीर झाल्या 10 मार्चला. भाजपची पहिली यादी आली 21 मार्चला आणि तीत गांधीनगरसमोर लालकृष्ण अडवाणींऐवजी अमित शहांचं नाव होतं. मुरली मनोहर जोशींनी 25 मार्चला कानपूरच्या मतदारांसाठी दोन ओळींचं निवेदन दिलं, की संघटन सरचिटणीस रामलाल यांनी आपल्याला कानपूरहून किंवा अन्य कुठूनही निवडणूक लढवू नये असं कळवलं आहे. त्या निवेदनात तक्रार एका शब्दाचीही नव्हती. कळवलं, इतकंच. एवढ्या कोरड्या वाक्यात इतका राग भरता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. मग 4 एप्रिलला अडवाणींचा ब्लॉग, कित्येक वर्षांनी लिहिलेला, ज्यात त्यांनी 1991 पासून सहा वेळा निवडून देणाऱ्या गांधीनगरच्या लोकांचे आभार मानले. आणि दुसऱ्या दिवशी ताईंचं पत्र.

म्हणजे 13 फेब्रुवारीला सभागृह उठलं, तेव्हा आपण इथे पुन्हा येणार नाही हे यांच्यापैकी कोणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. अडवाणी 1970 पासून संसदेत होते. जवळजवळ अर्धं शतक. त्यांचं शेवटचं भाषण कोणतं, हे नंतर मागे वळून शोधावं लागतं. त्यांनी ते शेवटचं म्हणून केलेलंच नव्हतं. ताईंनी सबंध लोकसभेला निरोप दिला, फक्त स्वतःचा घ्यायचा राहून गेला.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. फळ्यावर रंगीत खडूंनी 'सेवापूर्ती समारंभ' लिहिलेलं, शाल, श्रीफळ, गटशिक्षणाधिकाऱ्यांचं लांबलेलं भाषण, सातवीच्या मुलींनी म्हटलेलं स्वागतगीत (निरोपाचं गीत शिकवायला कोणाला वेळ मिळाला नव्हता). वडील बोलायला उभे राहिले आणि पटपडताळणीबद्दलच काहीतरी बोलून खाली बसले. पण ते बोलले. तारीख सगळ्यांना आधीपासून माहीत होती, म्हणून समारंभ होऊ शकला.

राज्यघटनेने लोकसभेसाठी किमान वय 25 आणि राज्यसभेसाठी 30 ठरवून दिलं. वरची मर्यादा कुठेच नाही. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश 65 ला घरी जातो, उच्च न्यायालयाचा 62 ला. खासदाराला जनता घरी पाठवते किंवा पक्ष, नाहीतर यम. घटनाकारांनी ही मर्यादा घातली नाही ते बरोबरच केलं, असं मला वाटतं. मतदारांना नव्वद वर्षांचा माणूस हवा असेल, तर तो त्यांचा हक्क आहे. पण यातून एक चमत्कारिक गोष्ट घडते. राज्यसभेत दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य ठरलेल्या तारखेला निवृत्त होतात, म्हणून तिथे निरोपाची भाषणं रीतसर होतात. फेब्रुवारी 2024 मध्ये मनमोहनसिंगांची मुदत संपत आली होती, तेव्हा पंतप्रधानांनी सभागृहात त्यांचा गौरव केला, चाकाच्या खुर्चीतून ते मतदानाला आले होते त्याची आठवण काढली. राजकीय वैर बाजूला ठेवून, चार बरे शब्द, तोंडावर. लोकसभेत असं एका माणसाबद्दल होत नाही. कारण अधिवेशन संपतं तेव्हा तिकिटांच्या याद्या कोऱ्या असतात.

आणि त्या मुद्दामच कोऱ्या असतात. फेब्रुवारीत एखाद्याला सांगितलं की तुझं तिकीट कापलं, तर त्याच्या हातात दुसऱ्या पक्षाचं दार ठोठावायला दीड महिना उरतो. तो दिला जात नाही. 2019 मध्येच वायव्य दिल्लीचे खासदार उदित राज यांच्या जागी हंसराज हंस यांचं नाव आलं, ते अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी. उदित राज दुसऱ्या दिवशी काँग्रेसमध्ये गेले. म्हणजे पक्षाची भीती खोटी नव्हती आणि उपायही लागू पडला नाही. काँग्रेस याबाबतीत काही वेगळी नाही, महाराष्ट्रातले पक्ष तर मुळीच नाहीत. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, हातात पडेपर्यंत खरं काय ते कोणालाच माहीत नसतं. कार्यकर्ते मध्यरात्री नेत्याच्या बंगल्याबाहेर बसलेले असतात. बंडखोराच्या भीतीने आखलेल्या या खेळात जो बंड करणारच नाही, तोही तितकाच ताटकळतो. ताईंनी पक्ष सोडला असता, असं त्यांच्या शत्रूलाही वाटलं नसेल.

इंग्लंडात ही गोष्ट निराळी घडते. तिथे उमेदवार ठरवण्यात मतदारसंघातल्या पक्षसदस्यांचा हात असतो आणि बसलेल्या खासदाराची उमेदवारी बहुधा पुष्कळ आधी पक्की होते. त्यामुळे जायचं असेल तर तो स्वतः सांगतो. हॅरिएट हार्मन 1982 पासून खासदार. पुढची निवडणूक लढवणार नाही हे त्यांनी 2021 च्या डिसेंबरातच सांगून ठेवलं होतं. 2024 मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी अचानक निवडणूक पुकारली, तरी दोन दिवसांनी, 24 मेला, हाउस ऑफ कॉमन्समध्ये जाणाऱ्यांच्या निरोपाची भाषणं झाली. थेरेसा मे बोलल्या, हार्मन बोलल्या. त्या वर्षी 132 खासदार उभे राहिले नाहीत. तिथेही सगळं पोथीप्रमाणे चालतं असं नाही. मायकेल गोव्ह यांनी आपण लढणार नसल्याचं जाहीर केलं ते त्याच संध्याकाळी, भाषणं उरकल्यावर. आणि 132 जण काही वैराग्याने गेले नव्हते. सुनक यांचा हुजूर पक्ष बुडणार हे सगळ्यांना दिसत होतं. पण कारण काहीही असो, उभं राहून दोन शब्द बोलण्याची सोय होती.

आपल्याकडे असं आधी सांगणारं कोणी नाही, असंही नाही. सुषमा स्वराज यांनी 20 नोव्हेंबर 2018 रोजी जाहीर केलं की प्रकृतीमुळे आपण 2019 ची लोकसभा लढवणार नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपणाला दोन वर्षं होत आली होती. हे त्यांनी सांगितलं कुठे, तर इंदूरमध्ये, पत्रकारांसमोर. ताईंच्याच गावात. सुषमाजींच्या यजमानांनी तर सुटकेचा श्वास सोडत लिहिलं की मिल्खासिंगही एक दिवस धावायचे थांबले होते. पुढच्या ऑगस्टमध्ये सुषमाजी गेल्याच. ताईंनीही त्याच वेळी सांगितलं असतं तर? असं मी मावशीला एकदा विचारलं. तिचं उत्तर होतं, "ताईंना लढायचं होतं रे. खोटं कशाला बोला."

मलाही तसंच वाटतं. 'निर्णय पक्षावर सोडला आहे' हे राजकारणातलं वाक्य इच्छा नसलेला माणूस कधी उच्चारत नाही. त्यामुळे त्या पत्राला त्यागाची शाल पांघरण्यात मला रस नाही. मला ते आवडतं ते दुसऱ्याच कारणाने. ताटकळत ठेवणाऱ्यांना त्यांनी चारचौघांत विचारलं की, का थांबवलंय? पक्षशिस्तीत वाढलेल्या माणसाने एवढं विचारणं म्हणजे पुष्कळ झालं. कोकणातली बाई माळव्यात कितीही मुरली, तरी कोकण थोडं उरतंच.

परप्रांतातून निवडून जाणारे मराठी लोक हा माझ्या कुतूहलाचा जुना विषय आहे. मधु लिमये पुण्याचे, पण लोकसभेत गेले बिहारमधून, दोनदा मुंगेर आणि दोनदा बांका. आणीबाणीत लोकसभेची मुदत वर्षभराने वाढवली, तेव्हा त्यांनी तुरुंगातून खासदारकीचा राजीनामा दिला. लोकांनी पाच वर्षांसाठी निवडलं होतं, ती संपली, असा हिशेब. शरद यादवांनीही तेव्हा राजीनामा दिला. 1980 ला लिमये हरले आणि 1982 मध्ये, साठाव्या वर्षी, सक्रिय राजकारणातून बाजूला झाले. पुढची बारा-तेरा वर्षं लेखन केलं, पेन्शन घेतली नाही. नानाजी देशमुखही मराठवाड्यातले, कडोळीचे. 1977 मध्ये बलरामपूरहून निवडून आले, मंत्रिपद नाकारलं, आणि साठी उलटलेल्यांनी राजकारण सोडावं असं म्हणून 1978 मध्ये स्वतः सोडलं. मग आधी गोंडा, नंतर चित्रकूट इथे ग्रामविकासाचं काम. 1999 मध्ये त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली हे सांगायला त्यांचे चाहते थोडे कचरतात. मी कचरत नाही. संसदेत जाणं आणि निवडणुकीचं राजकारण करणं या वेगळ्या गोष्टी आहेत, पण तो फरक करायला नानाजींसारखाच माणूस लागतो. इतरांसाठी राज्यसभा म्हणजे मागचं दार उघडं ठेवणं असतं.

इथे शरद पवारांचं नाव येणारच. 2014 मध्ये त्यांनी लोकसभा सोडली आणि राज्यसभेत गेले. 2019 ला माढ्यातून पुन्हा लढण्याची तयारी दाखवली आणि घरातले दोघं लढताहेत म्हणून माघार घेतली. 2023 च्या मे महिन्यात पक्षाध्यक्षपद सोडल्याचं जाहीर केलं, सभागृहात रडारड झाली, तीन दिवसांत निर्णय मागे घेतला. 2024 च्या नोव्हेंबरात बारामतीत म्हणाले की, चौदा निवडणुका लढलो, आता लढणार नाही, राज्यसभेचाही विचार करावा लागेल. आमच्या चहाच्या टपरीवर यावर जे बोललं गेलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. महाराष्ट्रात कोणी ज्येष्ठ नेता थांबतो म्हणाला की लोक आधी 'डाव काय असेल' हे शोधतात. आणि बहुतेक वेळा त्यांना तो सापडतो.

म्हणून गणपतराव देशमुख मला अपवाद वाटतात. ते संसदेतले नव्हेत, विधानसभेतले, पण त्यांना वगळून हा विषय मराठीत लिहिताच येणार नाही. सांगोल्यातून अकरा वेळा आमदार, शेतकरी कामगार पक्षाचे, एसटीने फिरणारे. 2019 मध्ये त्र्याण्णवाव्या वर्षी म्हणाले, आता पुरे. कार्यकर्ते ऐकेनात. आधी घराबाहेरच्या माणसाचं नाव पुढे आलं, मग कार्यकर्त्यांच्या आग्रहापुढे नातू उभा राहिला आणि 768 मतांनी पडला. 2024 ला दुसरा नातू निवडून आला. म्हणजे इतक्या सरळ माणसालाही थांबता आलं, पण आडनावाला थांबवता आलं नाही. यात दोष त्यांचा की सांगोलकरांचा, मला ठरवता येत नाही. कार्यकर्त्याला नवा माणूस ओळखीचा करून घेण्यापेक्षा जुनं नाव सोयीचं पडतं. पन्नास वर्षांच्या सवयी दुसरं काय करणार?

पंचाहत्तरीची गोष्ट पुन्हा उकरली गेली ती 2025 च्या जुलैत, नागपुरात. सरसंघचालक मोहन भागवतांनी संघाचे जुने प्रचारक मोरोपंत पिंगळ्यांची आठवण सांगितली. पंचाहत्तरीला अंगावर शाल पडली की समजावं, आता बाजूला व्हायचं आहे, असं पिंगळे गमतीने म्हणाले होते. देशभर त्याचे अर्थ काढले गेले, कारण दोन महिन्यांनी पंतप्रधान 75 चे होणार होते. ऑगस्टअखेर भागवतांनीच खुलासा केला की मी निवृत्त होईन किंवा कोणी व्हावं असं मी म्हटलेलंच नाही. अडवाणी, जोशी आणि ताईंना हा खुलासा सहा वर्षं आधी मिळाला असता तर त्यांनी काय केलं असतं, असा एक खट्याळ विचार माझ्या मनात येऊन गेला.

गेल्यावर हे लोक कुठे जातात? दिल्लीचा बंगला महिन्याभरात रिकामा करावा लागतो. जुन्या संसद भवनात निदान सेंट्रल हॉल होता. माजी खासदारांना तिथे मुक्त प्रवेश. कॉफी, टोस्ट, पत्रकार, इकडच्या पक्षाचा तिकडच्याशी गप्पा मारतोय. पराभूत झालेले, तिकीट कापलेले, सगळे तिथे येऊन बसायचे आणि कोणी विचारायचं नाही की तुम्ही आता कोण. 2023 च्या सप्टेंबरात कामकाज नव्या इमारतीत गेलं. तिथे सेंट्रल हॉल बांधलेलाच नाही. इमारत मोठी आहे, लोकसभेत 888 जणांच्या बसण्याची सोय आहे. जुन्यांनी येऊन टेकायला मात्र जागा नाही.

ताई इंदूरलाच असतात. अहिल्यादेवींच्या उत्सवाचं काम आहे, मराठी मंडळींचे कार्यक्रम आहेत. 2021 मध्ये पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, कोविडच्या लाटेत, त्या गेल्याची अफवा उठली. शशी थरूर यांनी श्रद्धांजली वाहून टाकली, मग चूक कळल्यावर ती काढली आणि दिलगिरी व्यक्त केली. ताई घरी धडधाकट होत्या आणि शहानिशा न करता बातमी देणाऱ्यांवर चांगल्याच वैतागल्या होत्या. आठ वेळा निवडून आलेल्या खासदाराला निरोपाचं भाषण करता आलं नाही, श्रद्धांजली मात्र वेळेआधी ऐकायला मिळाली.

2019 ला त्यांच्या जागी शंकर लालवानी साडेपाच लाखांच्या मताधिक्याने आले. म्हणजे ताईंशिवाय पक्षाचं काही अडलं नाही, उलट मतं वाढली. 2024 मध्ये तर काँग्रेसच्या उमेदवाराने 29 एप्रिलला अर्जच मागे घेतला आणि भाजपचा रस्ता धरला. लालवानी पावणेबारा लाखांनी जिंकले. पण त्या निवडणुकीत 'नोटा'ला 2 लाख 18 हजार मतं पडली, तोवर देशात कुठेही पडली नव्हती एवढी. मतदानाआधी ताई पत्रकारांना म्हणाल्या होत्या की, सुशिक्षित लोक मला फोन करून सांगताहेत, हे जे झालं ते बरं झालं नाही, आम्ही नोटा दाबणार. काँग्रेसच्या उमेदवाराला असं करायला नको होतं, असंही त्या म्हणाल्या. पद जाऊन पाच वर्षं झाली होती, तरी माणसं फोन करत होती. मावशीनेही केला असेल. मी विचारलं, तर तिने विषय बदलून लिंबाच्या लोणच्याबद्दल सांगायला सुरुवात केली.

सतराव्या लोकसभेची शेवटची बैठक 10 फेब्रुवारी 2024 ला झाली. याद्या अर्थातच आल्या नव्हत्या. 2 मार्चला पहिली आली, तेव्हा चांदनी चौकात डॉ. हर्षवर्धन यांचं नाव नव्हतं. माजी केंद्रीय आरोग्यमंत्री, दोनदा खासदार, पाचदा आमदार. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजकारण सोडत असल्याचं जाहीर केलं आणि लिहिलं की कृष्णानगरचा माझा दवाखाना माझी वाट पाहतो आहे. ते कान-नाक-घशाचे डॉक्टर. मी ही बातमी मावशीला फोनवर वाचून दाखवली. मला वाटलं ती पुन्हा चिडेल, पक्षाला चार गोष्टी सुनावेल. तिने मुकाट्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कानाचे आहेत ना? मग काकांना एकदा दिल्लीला नेऊन आणावं म्हणते. इथल्या मशीनीने त्यांना काही म्हणता काही ऐकू येत नाही."